इशारा जिल्ह्याला, धोका उताराला

- विशेष प्रतिनिधी

चंदिगड येथील डिफेन्स जिओइन्फर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संरक्षण संशोधन संस्थेने २७ फेब्रुवारी २०२५ रोजी सायंकाळी उत्तराखंडातील चमोलीसह उंचावरच्या काही जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला. २४०० मीटरपेक्षा अधिक उंचीचा भाग पुढील २४ तास धोक्याचा राहील, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथजवळच्या माणा गावानजीक सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांच्या तळावर बर्फाचा लोंढा येऊन आदळला. तळावरील ५४ मजूर त्यात सापडले. लष्कर, इंडो-तिबेट सीमा पोलीस आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी तीन दिवस बर्फ उपसून ४६ जणांना वाचविले. आठ जणांचा बळी गेला.

इशारा वेळेवर आला होता आणि तो खराही ठरला. तरीही इशारा मिळणे आणि माणूस धोक्याच्या जागेवरून हलणे, या दोहोंमधले अंतर त्या रात्री पार झाले नाही. पोटासाठी तेथे राहणाऱ्या मजुरांपुढे पर्याय थोडेच असतात. परंतु सुट्टी आणि हौस या बळावर दर हिवाळ्यात हिमालयाकडे धाव घेणाऱ्या पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या तरुणाईपुढे पर्याय असतात. ते पर्याय वापरता यावेत यासाठी लागणारी माहिती आणि मुभा त्यांना मिळते का, हा आज विचारण्याजोगा प्रश्न आहे.

बर्फ कसा कोसळतो?

हिमस्खलन म्हणजे शिखरावरून अचानक कोसळणारे अस्मानी संकट, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात त्यामागे बरेचसे समजून घेता येण्याजोगे गणित असते. उतारावर साचलेला बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर बसतो आणि नंतरचे ऊन, वारा व थंडी यांमुळे त्या थराची घडण बदलत जाते. एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत राहिला आणि त्यावर वाऱ्याने दाबून घट्ट केलेली लादी बसली, तर वरची लादी केवळ नावापुरती टिकून असते. आणखी एक मोठा हिमवर्षाव किंवा एका माणसाचे वजनही मग खालच्या थराला मोडण्यास पुरेसे ठरते. तडा क्षणार्धात पसरतो आणि संपूर्ण उतारच सरकू लागतो.

अशी बहुतेक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून कमी उतारावर बर्फ सहसा टिकून राहतो आणि त्याहून अधिक तीव्र उतारावर तो फारसा साचतच नाही. दुर्दैवाने चढाईसाठी आकर्षक वाटणारे आणि स्कीइंग करणाऱ्यांना मोह घालणारे उतार नेमके याच टप्प्यातले असतात. स्वतः सपाटीवर असलेला माणूसही निर्धास्त नसतो. वरचा तीव्र उतार सुटला, तर त्याचा लोंढा खालच्या सपाटीवर दूरपर्यंत येऊ शकतो.

युरोप व उत्तर अमेरिकेतील अभ्यासातून पुढे आलेली एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे हौशी प्रवाशांचा बळी घेणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ स्खलनांत बर्फाची लादी सुटते ती अपघातात सापडलेल्याच व्यक्तीच्या किंवा तिच्या सोबत्याच्या वजनाने. म्हणजेच अशा प्रवाशाच्या बाबतीत संकट बहुधा त्याच्या स्वतःच्या पावलाने जागे होते आणि पाऊल कोठे टाकायचे हे ठरविणे त्याच्या हाती असते.

थोडा बर्फ, मोठा धोका

बर्फ कमी असेल तर धोकाही कमी, हा असाच एक गोड गैरसमज. हिमालयात बर्फाच्या स्वभावाचे प्रदेशवार वेगळेपण आहे. पीर पंजालच्या रांगांत तापमान तुलनेने सौम्य आणि हिमवर्षाव भरपूर असतो. तेथे मोठ्या वर्षावाच्या काळात किंवा तो थांबल्यावर लगेच स्खलने होतात. त्याच्या पलीकडे लडाख-काराकोरमकडे थंडी कडाक्याची आणि बर्फाचा थर पातळ. पातळ थराच्या तळाशी जमिनीची ऊब आणि माथ्यावर गोठविणारी हवा, अशी स्थिती आठवडेच्या आठवडे राहिली की आतले कण एकमेकांना धरून ठेवेनासे होतात. अशा पायावर पुढे मोठा वर्षाव झाला, की धोका एकदम वाढतो आणि तो लवकर ओसरत नाही.

२०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बर्फाविना उघडे पडले होते आणि पर्यटक हिरमुसले होते. फेब्रुवारीत जोरदार बर्फवृष्टी झाली. २२ फेब्रुवारी रोजी तेथील स्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याआधीच्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, गुलमर्गच्याच अफरवट शिखराच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू मरण पावले होते. २०२५ च्या हिवाळ्यातही उत्तराखंडात प्रारंभीचा काळ कोरडा गेला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस बर्फाने झोडपून काढले. प्रत्येक दुर्घटनेमागचे नेमके कारण त्या-त्या उताराच्या पाहणीवरूनच सांगता येईल. परंतु दीर्घ कोरडा काळ आणि त्यामागून एकदम आलेला मोठा वर्षाव हा क्रम कोणत्याही पहाडी प्रवाशाने सावध व्हावे असाच आहे.

येथे पर्यटकांच्या मानसशास्त्राचाही भाग येतो. वादळ सरले, आकाश निळेशार झाले, शिखरे झळाळू लागली की सारेजण बाहेर पडतात. बर्फाच्या दृष्टीने मात्र वर्षावानंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत नाजूक असतात. नव्या थराला स्थिर व्हायला वेळ मिळालेला नसतो, वाऱ्याने आडोशाच्या उतारावर अनेकपटींनी बर्फ नेऊन टाकलेला असतो आणि उन्हाने वरचा थर जड होत असतो. छायाचित्रासाठी उत्तम असलेला दिवस चालण्यासाठी उत्तम असेलच, असे नाही.

अंदाज आहे, पण कोणासाठी?

भारतात हिमस्खलनाचा अभ्यास नवा नाही. १९६९ मध्ये मनाली येथे स्नो अँड अॅव्हलान्च स्टडी एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे ‘सासे’ची स्थापना झाली. २०२० मध्ये ती संस्था दुसऱ्या एका संरक्षण प्रयोगशाळेत विलीन होऊन आजची संस्था उभी राहिली. सीमेवरच्या चौक्या आणि त्यांना जोडणारे रस्ते सुरक्षित राखणे, ही या कामामागची मूळ प्रेरणा. ती योग्यच होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या सोनम चौकीवरील दहा जवान गाडले गेले, हे देश विसरलेला नाही. सामान्य वस्त्यांनाही याच यंत्रणेच्या इशाऱ्यांचा आधार असतो. फेब्रुवारी २००५ मध्ये काश्मीरमधील वालटेंगू नार या गावावर कोसळलेल्या बर्फाने दीडशेहून अधिक बळी घेतले, तेव्हा त्याची गरज पुरती स्पष्ट झाली.

आज हे इशारे जिल्हा आणि उंची यांच्या हिशेबाने दिले जातात आणि जिल्हा प्रशासनामार्फत पुढे जातात. रस्ता बंद ठेवायचा का, गावकऱ्यांना हलवायचे का, हे ठरविण्यासाठी अशी रचना उपयोगी आहे. परंतु एखाद्या खिंडीच्या पायथ्याशी तंबूत बसलेल्या पंधराजणांच्या तुकडीला त्यातून आपला उताराचा प्रश्न सोडविता येत नाही. उत्तरेकडे तोंड असलेला उतार आज धोक्याचा आहे की दक्षिणेकडचा, धोका ताज्या बर्फाचा आहे की खोलवरच्या कमकुवत थराचा, हे तिला हवे असते.

आल्प्समध्ये नेमकी हीच माहिती मिळते. युरोपात १९९३ पासून धोक्याची पाच पातळ्यांची समान मोजपट्टी वापरली जाते. स्वित्झर्लंडमधील दावोसची हिमसंशोधन संस्था हिवाळ्यात रोज सायंकाळी पुढील दिवसाचा अंदाज प्रसिद्ध करते आणि सकाळी त्यात सुधारणा करते. उताराची दिशा, उंची आणि धोक्याचा प्रकार त्यात नमूद असतो. एवढी व्यवस्था असूनही तेथे दरवर्षी माणसे दगावतात. विशेष म्हणजे प्राणघातक अपघातांचा सर्वांत मोठा वाटा चौथ्या वा पाचव्या पातळीच्या दिवशीचा नसून मधल्या, तिसऱ्या पातळीच्या दिवशीचा असतो. धोका फार उघड असेल तेव्हा लोक घरी बसतात. तो मध्यम वाटतो, तेव्हा निघतात. ‘मध्यम’ या शब्दाचा अर्थ ‘चालेल’ असा घेतला जातो.

तिकडची छोटी राष्ट्रे आणि आपला अडीच हजार किलोमीटरचा हिमालय यांची सरळ तुलना अन्यायाची ठरेल. आपल्याकडे उंची अधिक, निरीक्षण केंद्रे विरळ आणि वस्ती तुरळक. हवामानाच्या बाबतीत प्रगती निश्चितच झाली आहे. मुक्तेश्वर आणि सुरकंडादेवी येथे डॉप्लर रडार उभी राहिली. पश्चिमी झंझावात, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेतील वेस्टर्न डिस्टर्बन्स, येण्यापूर्वी काही दिवस त्याची चाहूल लागते. प्रश्न उरतो तो शेवटच्या टप्प्याचा.

महाराष्ट्राला हा शेवटचा टप्पा परिचयाचा आहे. पावसाळ्यात रेड अलर्ट मिळतो तो रायगड जिल्ह्याला. दरड कोसळते ती एका वाडीवर. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर जे ओढवले, त्यातून जिल्ह्याचा इशारा आणि उताराचा धोका यांमधील दरी आपण पाहिली आहे. हिमालयात हाच प्रश्न बर्फाच्या रूपाने उभा असतो.

समुद्रातले वादळ, खिंडीतला बर्फ

पहाडी हवामान केवळ पहाडात घडत नाही. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुडहुड’ चक्रीवादळ विशाखापट्टणमनजीक किनाऱ्यावर धडकले. त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकले आणि दोनच दिवसांनी नेपाळमधील अन्नपूर्णा परिसरात, ५४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीत, त्यांनी प्रचंड हिमवादळाचे रूप घेतले. ऑक्टोबर हा तेथे निरभ्र आकाशाचा महिना मानला जातो. त्या विश्वासावर निघालेल्यांसह किमान ४३ जणांना हिमवादळ आणि स्खलनांत प्राण गमवावे लागले. वादळाची बातमी साऱ्या जगाला होती. खिंडीखालच्या विश्रामगृहांत मात्र अनेकांना तिचा अर्थ कळला नव्हता.

ऋतूवरील असा आंधळा विश्वास वारंवार महाग पडला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तराखंड-हिमाचल सीमेवरील लमखागा खिंडीच्या वाटेवर अवेळी झालेल्या बर्फवृष्टीने पदभ्रमणकर्त्यांचे बळी घेतले. जून २०२४ मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेली २२ जणांची तुकडी हिमवादळात अडकली आणि नऊजण परतले नाहीत. त्या वेळी स्खलन झाले नव्हते. थंडी, वारा आणि दिसेनाशी झालेली वाट एवढेच पुरेसे ठरले.

अनुभवी माणसांनाही बर्फ सवलत देत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी ‘द्रौपदी का डांडा-२’ या ५६७० मीटर उंचीच्या शिखराच्या उतारावर स्खलनात सापडली. २९ जण परत आले नाहीत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे सोळा दिवसांत सर करणाऱ्या प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांत होत्या. देशातील नामांकित प्रशिक्षण संस्थेच्या बाबतीत हे घडू शकते, तर समाजमाध्यमांवरील जाहिरात पाहून जमलेल्या गटाने किती सावध असावे, हे वेगळे सांगावयास नको.

सह्याद्रीची शिदोरी अपुरी

मराठी गिर्यारोहणाची परंपरा अभिमानास्पद आहे. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्टवर आणि २०१९ मध्ये कांचनजंगावर मोठ्या नागरी मोहिमा यशस्वी केल्या. त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी होती. मात्र आठवड्याच्या शेवटी राजमाची-हरिश्चंद्रगड करणारा आणि नाताळच्या सुट्टीत केदारकंठा किंवा ब्रह्मताल गाठणारा जो मोठा वर्ग आहे, त्याची शिदोरी सह्याद्रीतली आहे. दम, चिकाटी, पावसात न डगमगणे, कातळावरचा आत्मविश्वास हे सारे त्याच्यापाशी असते. बर्फ वाचण्याची सवय मात्र सह्याद्री लावत नाही, कशी लावणार?

उलट, येथल्या काही सवयी तेथे घातक ठरतात. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने चढणे हा आपल्याकडे मानाचा तुरा समजला जातो. डोंगरातली नाळ म्हणजे वर जाण्याचा सरळ मार्ग, हे आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते. बर्फाच्या प्रदेशात तीच नाळ स्खलनाचा ठरलेला मार्ग असते आणि तिच्यात सापडलेल्या माणसावर बर्फाचा सर्वांत जाड थर साचतो. सह्याद्रीत वाट चुकली वा पाऊस वाढला, तरी नेटाने चालत राहिले की वाडी लागते. हिमालयात नेटाने चालत राहणे हाच अनेकदा चुकीचा निर्णय ठरतो.

लोकप्रिय हिवाळी वाटांपैकी बऱ्याचशा वाटा जंगलातून आणि सोंडेवरून जातात, त्यामुळे तेथे स्खलनाचा धोका उंच खिंडींच्या मानाने कमी असतो, हे येथे नमूद केले पाहिजे. घाबरून घरी बसावे, असा या लेखाचा हेतू नाही. परंतु नेहमीची वाट बंद पडली म्हणून आडवाट धरली, किंवा शेवटच्या टप्प्यात तीव्र उतार आडवा छेदला, की हिशेब बदलतो. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथू लाच्या रस्त्यावर झालेल्या स्खलनात सात पर्यटकांचा मृत्यू झाला. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच दिले होते आणि पर्यटक पंधराव्या मैलाकडे गेले होते, असे तेथील अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. हा मृत्यू त्यांना गाठण्यासाठी कोणत्या शिखरावर गेला नव्हता. मोटारीच्या रस्त्यालगत तो आला होता.

पहिली दहा-पंधरा मिनिटे

बर्फाखाली सापडलेल्या माणसाचा जीव प्रामुख्याने गुदमरण्याने जातो. स्वित्झर्लंडमधील नोंदींच्या अभ्यासानुसार पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास घसरते. सियाचीनमध्ये लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण तो अपवाद होता आणि उपचारांदरम्यान त्यांनीही प्राण सोडले. माणात बहुसंख्य मजूर वाचले, याचे श्रेय बचाव पथकांप्रमाणेच ते ज्यात राहत होते त्या लोखंडी कंटेनरनाही दिले गेले. आत श्वास घेण्यापुरती हवा राहिली.

याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. हेलिकॉप्टर किंवा सरकारी पथक कितीही तत्पर असले, तरी दुर्गम हिमालयात पहिल्या पंधरा मिनिटांत पोहोचू शकत नाही. वाचवू शकतात ते सोबतचेच लोक आणि तेही साधने असतील तरच. प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब प्रोब काठी आणि फावडे, ही तीन साधने आल्प्समध्ये स्कीइंगसाठी मोकळ्या उतारावर जाणाऱ्यांना अपरिहार्य मानली जातात. स्खलनप्रवण उतारावरून नेणाऱ्या आपल्याकडील किती सहलींत ती दिसतात, हे प्रत्येकाने आपल्या आयोजकाला विचारून पाहावे.

परत फिरण्याचा अधिकार

खरी गोम बर्फात नसून वेळापत्रकात आहे. रेल्वेचे आरक्षण दोन महिने आधी झालेले असते, रजा मोजून मिळालेली असते, पैसे भरलेले असतात आणि पुढची तुकडी मागोमाग येत असते. अशा वेळी ‘आज जायचे नाही’ असे म्हणणे स्थानिक वाटाड्याला जड जाते. त्याची रोजी त्यावर अवलंबून असते आणि नाराज ग्राहकाची तक्रार त्याला परवडणारी नसते. ज्याला डोंगर कळतो त्याच्या हाती निर्णय नाही आणि ज्याच्या हाती निर्णय आहे तो शेकडो मैलांवरच्या कार्यालयात आहे, अशी ही विचित्र विभागणी आहे.

ती बदलायची तर सरकार, आयोजक आणि प्रवासी या तिघांनाही हात लावावा लागेल. इशाऱ्यांचा तपशील पदभ्रमणाच्या वाटांपर्यंत न्यावा लागेल आणि वनखात्याच्या नाक्यावर, पायथ्याच्या गावात तो हिंदीतून ठळकपणे लावावा लागेल. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. पण येथून हिमालयात जाणाऱ्यांच्या सुरक्षेचा भार शेवटी तेथील यंत्रणांवर आणि आयोजकांच्या सचोटीवरच राहतो. आयोजकांनी प्रत्येक सहलीत एक-दोन राखीव दिवस ठेवले आणि हवामानामुळे माघार घेतल्यास पैशांचे काय, हे आधीच लेखी दिले, तर वाटाड्याच्या डोक्यावरचे ओझे निम्मे कमी होईल.

आणि प्रवाशांनी? पैसे भरण्यापूर्वी त्यांनी काही साधे प्रश्न विचारावेत. वाटेत ३० अंशांहून तीव्र उतार कोठे आहे? हिमस्खलनाचा इशारा रोज कोण पाहतो आणि तो आम्हाला सांगितला जाईल का? मोठ्या वर्षावानंतर किती काळ थांबणार? माघारीचा निर्णय कोणाचा आणि तो घेतल्यास आमचे पैसे बुडणार का? आमच्या विम्यात ही उंची आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरला आहे का? या प्रश्नांना सरळ उत्तरे देणारा आयोजक चार पैसे अधिक घेत असला, तरी तोच स्वस्त समजावा.

शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असते, हे वाक्य गिर्यारोहकांच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. ते सहलीच्या करारात उतरेल आणि माघार घेणाऱ्या वाटाड्याला त्या दिवसाची मजुरी मिळेल, तेव्हाच त्याला अर्थ येईल. तोवर जिल्ह्याला मिळालेला इशारा जिल्ह्याच्या कचेरीतच राहील आणि उतारावरच्या माणसाला तो मिळायचा असेल, तर त्याला स्वतःच तो मागून घ्यावा लागेल.